नमुना-तक्त्यांचा इतिहास : प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांतून डेटाबेस शिकणारा वाचक

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने यंत्रांचे, कंपन्यांचे आणि संशोधकांचे झाले आहे. शिकणाऱ्याचा इतिहास त्यात क्वचितच येतो. छापील पुस्तक समोर उघडे ठेवून, एकेक ओळ टंकून, चूक कोठे झाली हे पानाशी ताडून पाहत ज्यांनी प्रोग्रॅमिंग आत्मसात केले, अशा वाचकांची एक मोठी पिढी १९८० ते २००५ या काळात होऊन गेली. आज महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र विभागांत अध्यापन करणारे अनेकजण त्याच पिढीतील आहेत. तथापि त्या वाचनाची नोंद इतिहासाने घेतलेली नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय याहून मर्यादित आहे. दुकानाचा साठा, ग्रंथालयाची देवघेव, महाविद्यालयाची प्रवेशनोंद अशा व्यवहारांसाठी डेटाबेसवर आधारलेली उपयोजने तयार करण्याचे कौशल्य पुस्तकांतून कसे शिकले गेले, आणि त्या पुस्तकांतील नमुना-तक्त्यांनी वाचकाच्या मनात डेटाबेसची कोणती प्रतिमा उभी केली, याचा येथे विचार केला आहे. अशी पुस्तके वाचकाला एकाच वेळी दोन गोष्टी शिकवितात. एक, यंत्राला द्यावयाच्या आज्ञा. दुसरी, जग रकान्यांत कसे बसवावे याचा नमुना. पहिलीची परीक्षा होते. दुसरीची होत नाही. किंबहुना आपण ती शिकलो आहोत हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. नमुना-तक्ता हा ऐतिहासिक साधन म्हणून वाचला पाहिजे, तो यासाठी.

दोन ग्रंथपरंपरा

एडगर कॉड यांचा सुप्रसिद्ध निबंध १९७० च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधन प्रयोगशाळेत लिहिलेल्या या निबंधाने माहितीच्या साठवणुकीचा विचार गणितातील 'संबंध' या संकल्पनेवर आणून ठेवला. या अमूर्त निबंधातही उदाहरणे आहेत, आणि ती सारी कारखान्यातील व कचेरीतील आहेत. पुरवठादार, सुटा भाग, प्रकल्प आणि नगसंख्या अशा चार रकान्यांचा पुरवठ्याचा संबंध तेथे येतो. कर्मचाऱ्याचा क्रमांक, नाव, जन्मदिनांक, त्याने केलेल्या नोकऱ्यांचा इतिहास व त्याची मुले, हे दुसरे उदाहरण. एका रकान्यात दुसरा तक्ता दडलेला असू नये, हे तत्त्व कॉड यांनी या दुसऱ्या उदाहरणावरून समजावून दिले. नॉर्मलायझेशनचा पहिला धडा असा एका कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकातून निघाला.

हा विचार वर्गात आणण्याचे श्रेय ख्रिस्तोफर डेट यांच्या १९७५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाठ्यग्रंथाकडे जाते. त्यातील पुरवठादार, सुटे भाग व पुरवठा ही तक्त्यांची त्रयी जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ झाली. नंतरच्या आवृत्त्यांत स्थिरावलेल्या तिच्या रूपात पाच पुरवठादार, सहा भाग आणि पुरवठ्याच्या बारा नोंदी आहेत. पुरवठादारांची शहरे लंडन, पॅरिस आणि अथेन्स. भाग म्हणजे नट, बोल्ट, स्क्रू इत्यादी. अथेन्सचा पाचवा पुरवठादार कोणताही भाग पुरवीत नाही. त्याचे रिकामेपण हेच त्याचे प्रयोजन होय, कारण ज्याची जोडी नाही अशा नोंदीचे काय करावे हा प्रश्न त्याच्यावाचून विचारताच येत नाही.

दुसरी परंपरा यापासून पूर्णपणे अलिप्त राहून वाढली. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७८ मध्ये घरच्या मायक्रोकॉम्प्युटरवर एक प्रणाली लिहिली. निमित्त होते कचेरीतील फुटबॉलच्या पैजांचा हिशेब ठेवण्याचे. तिचा मूळ आराखडा त्याच प्रयोगशाळेतील मोठ्या संगणकावर चालणाऱ्या एका जुन्या प्रणालीवरून घेतलेला होता. 'व्हल्कन' या नावाने ती फारशी खपली नाही. जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी ती 'डीबेस टू' म्हणून बाजारात आणली. 'डीबेस वन' कधी अस्तित्वातच नव्हते, आणि कंपनीच्या 'ॲश्टन-टेट' या नावातील ॲश्टनही नव्हते. पुढे १९८४ मध्ये 'डीबेस थ्री' आणि पाठोपाठ 'डीबेस थ्री प्लस' आले. क्लिपर, फॉक्सबेस आणि १९८९ पासून फॉक्सप्रो ही त्याच भाषेची अपत्ये होत.

या दोन परंपरांतील भेद केवळ सिद्धान्त आणि व्यवहार असा नाही. कॉड-डेट परंपरेत विचाराचा घटक आहे संच. 'पॅरिसच्या सर्व पुरवठादारांची श्रेणी वाढवा' हे तेथे एक विधान असते. डीबेसच्या परंपरेत विचाराचा घटक आहे नोंद. एका नोंदीवर बोट ठेवायचे, काम करायचे, बोट पुढे सरकवायचे. चार्ल्स बॅकमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात प्रोग्रॅमरला नावाड्याची उपमा दिली होती. डीबेसचा वाचक कॉड यांचे नाव ऐकण्याआधीच असा नावाडी झालेला असे.

टिंबापुढची भाषा

भारतात ही दुसरी परंपरा आधी पोहोचली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले आणि वैयक्तिक संगणक महानगरांबाहेरही दिसू लागला. एनआयआयटी १९८१ पासून आणि ॲपटेक १९८६ पासून प्रशिक्षणाच्या क्षेत्रात होत्याच. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाची डीओईएसीसी योजना १९९० मध्ये सुरू झाली व 'ओ लेव्हल' हा शब्द जिल्ह्याच्या गावांपर्यंत गेला. दिल्लीच्या बीपीबी पब्लिकेशन्सने सायबेक्ससारख्या अमेरिकी प्रकाशकांची पुस्तके भारतीय आवृत्त्यांत उपलब्ध करून दिली, आणि भारतीय लेखकांची स्वतंत्र पुस्तकेही काढली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे त्याच प्रकाशनाचे. ते डेटाबेसचे नव्हे. परंतु पुस्तकावरून प्रोग्रॅमिंग शिकता येते हा विश्वास मराठी मुलखात ज्या पुस्तकांनी रुजविला, त्यांत ते अग्रभागी आहे. आर. के. टक्साली यांचे फॉक्सप्रोवरील 'मेड सिम्पल' मालिकेतील पुस्तकही अनेकांच्या परिचयाचे असेल.

डीबेस सुरू होताच पडद्यावर केवळ एक टिंब येत असे. यंत्र आज्ञेची वाट पाहत आहे, एवढाच त्याचा अर्थ. पडद्यावर मार्गदर्शनाचा अभाव, म्हणून पुस्तक अपरिहार्य. फाइल उघडणे, नोंद जोडणे, शोधणे, बदलणे, यादी करणे या क्रिया साध्या इंग्रजी क्रियापदांनी होत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला वीस-पंचवीस क्रियापदांवर काम सुरू करता येत होते, हे या भाषेच्या प्रसाराचे एक कारण मानावे लागेल. ते सर्वांत मोठे कारण आहे असे माझे मत आहे. स्वस्त यंत्रे आणि मुक्तपणे फिरणाऱ्या फ्लॉपींचा वाटाही मोठा होता. परंतु केवळ फ्लॉपी मिळाली म्हणून कोणी प्रोग्रॅमर होत नाही.

पुस्तकांतील पहिला खरा प्रोग्रॅम बहुधा सारखाच असे. फाइल उघडा, फाइल संपेपर्यंत पुढील कृती करा, नोंद तपासा, अट जुळल्यास छापा, एक नोंद पुढे सरका, पुन्हा वर जा. यातील 'एक नोंद पुढे सरका' ही चार अक्षरांची आज्ञा टंकावयाची राहिली, की यंत्र पहिल्याच नोंदीवर अनंतकाळ फिरत राही. एस्केपची कळ दाबून त्याची सुटका करावी लागे. ही चूक केली नाही असा त्या काळचा विद्यार्थी विरळा. लूप म्हणजे काय हे व्याख्येने जितके कळले नाही, तितके या चुकीने कळले.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. डीबेसमध्ये नोंद 'खोडली' तरी ती फाइलीतून जात नसे. तिच्या आरंभी एक तारकाचिन्ह उमटे, इतकेच. ती परत आणण्याची आज्ञा स्वतंत्र होती, आणि खोडलेल्या नोंदी कायमच्या काढून टाकण्याची आज्ञाही स्वतंत्र. कीर्दीत वा जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नये, चुकीच्या नोंदीवर लाल शाईची एक रेघ ओढून सही करावी, हा संकेत ज्याच्या अंगवळणी पडला होता अशा कचेरीतील लिपिकाला ही व्यवस्था नवखी वाटण्याचे कारण नव्हते. पुढील एसक्यूएलच्या पुस्तकांत खोडणे म्हणजे खरोखरच नाहीसे करणे झाले. परंपरेने चालत आलेला हा लेखाविवेक त्या पुस्तकांच्या पहिल्या प्रकरणांत कोठेच आला नाही. व्यवहार मागे घेण्याची सोय तेथेही होती. परंतु तिचे प्रकरण बरेच पुढे असे, आणि सत्र तेथपर्यंत क्वचितच पोहोचत असे.

वरळी, नरिमन, वांद्रे, जुहू

संचाधिष्ठित विचार आणि हाताने करावयाचे काम यांची गाठ महाराष्ट्रातील प्रयोगशाळांत पडली ती ओरॅकलच्या पुस्तकांमुळे. चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेली 'सीक्वेल' ही भाषा पुढे एसक्यूएल झाली. १९७९ मध्ये ओरॅकलने ती बाजारात आणली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकी मानकाची मान्यता मिळाली. नव्वदीच्या दशकात ती आपल्या अभ्यासक्रमांत स्थिरावली, तेव्हा तिच्याबरोबर दोन नमुना-डेटाबेस आले.

पहिला ओरॅकलचा स्वतःचा. खातेनाव 'स्कॉट', सांकेतिक शब्द 'टायगर'. स्कॉट हे कंपनीच्या आरंभीच्या कर्मचाऱ्यांपैकी एकाचे नाव आणि टायगर हे त्याच्या मांजराचे. त्यातील कर्मचारी-तक्त्यात चौदा नोंदी आणि विभाग-तक्त्यात चार. विभाग न्यूयॉर्क, डॅलस, शिकागो आणि बोस्टन येथील. बोस्टनच्या विभागात एकही कर्मचारी नाही. डेट यांचा अथेन्सचा पुरवठादार येथे अशा रीतीने पुन्हा भेटतो. अध्यक्षाला वरिष्ठ नसल्याने त्याचा तो रकाना रिकामा, आणि 'रिकामे म्हणजे शून्य नव्हे' हा धडा त्यावर.

दुसरा नमुना आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय. आयव्हन बायरॉस यांची 'एसक्यूएल, पीएल/एसक्यूएल : द प्रोग्रॅमिंग लँग्वेज ऑफ ओरॅकल' आणि 'कमर्शियल ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट युजिंग ओरॅकल डेव्हलपर २०००' ही बीपीबीची पुस्तके. यांतील अभ्यासासाठी दिलेले तक्ते ग्राहक, उत्पादन, विक्रेता, विक्री-मागणी आणि मागणीचा तपशील असे आहेत. ग्राहकांच्या शहरांत मुंबई व मद्रास आहेत. विक्रेत्यांचे पत्ते वरळी, नरिमन, वांद्रे आणि जुहू. उत्पादने म्हणजे फ्लॉपी, मॉनिटर, माउस, कीबोर्ड, सीडी ड्राइव्ह, ५४० क्षमतेची हार्ड डिस्क. लंडन-पॅरिस-अथेन्स आणि न्यूयॉर्क-डॅलसनंतर प्रथमच एक नमुना-डेटाबेस आपल्या रेल्वेमार्गाच्या टप्प्यात आला होता.

केवळ पत्ते बदलले असे नव्हे. व्यवहाराचे स्वरूपच निराळे आहे. डेट यांचा नमुना कारखान्याच्या भांडाराचा आहे, ओरॅकलचा वेतनपत्रकाचा. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या ॲक्सेसबरोबरचा 'नॉर्थविंड' हा खाद्यपदार्थांच्या आयात-निर्यातीचा. बायरॉस यांचा नमुना संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याचा आहे : खरेदीची किंमत, विक्रीची किंमत, नफ्याचे शेकडा प्रमाण, पुनर्मागणीची पातळी, पुरवठ्याचा दिनांक, मागणीची स्थिती. शिकणारा ज्या दुकानातून आपली फ्लॉपी आणीत होता, त्याच दुकानाची वही तो रकान्यांत मांडीत होता. 'शून्यातून एक संपूर्ण व्यावसायिक उपयोजन उभे करणे' हा या पुस्तकांचा आवाका, आणि तो त्यांच्या शीर्षकातही दिसतो. या विद्यार्थ्याला प्रथम जी नोकरी मिळण्याची शक्यता होती, तीही बहुधा अशाच कामाची असे.

जर्नल आणि पाठभेद

आता या तक्त्याकडे साधन म्हणून बारकाईने पाहू. उत्पादन-तक्त्याचे जे रूप सर्वत्र प्रचलित आहे, त्यात फ्लॉपीची खरेदी ५०० रुपये, विक्री ५२५ आणि नफा शेकडा ५ असा आहे. नफा येथे खरेदीवर मोजला आहे. मॉनिटरची खरेदी ११,२८० रुपये, विक्री १२,०००, नफा शेकडा ६. येथे तो विक्रीवर मोजला तरच जुळतो. कीबोर्डची खरेदी ३,०५० आणि विक्री ३,१५०, नफा मात्र २. हा कशावरही मोजला तरी जुळत नाही. शिवाय फ्लॉपीचे एकक 'नग' असे दिले आहे, आणि एका फ्लॉपीला ५२५ रुपये ही किंमत त्या काळीही कोणाला पटली नसती. या आकड्यांवरून तत्कालीन बाजारभाव काढू पाहणाऱ्या भावी संशोधकास हा इशारा पुरेसा आहे.

दोष काढण्याच्या हेतूने हे सांगितलेले नाही. या विसंगतीत नॉर्मलायझेशनचा एक उत्तम धडा दडलेला आहे. जी संख्या दुसऱ्या दोन संख्यांवरून काढता येते ती साठवू नये, अन्यथा तिन्हींचा मेळ कधी ना कधी सुटतो, हे यापेक्षा अधिक स्पष्टपणे कोणता तक्ता दाखवील? त्याच विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत या तत्त्वाची व्याख्या लिहावी लागत होती. पण व्याख्या सिद्धान्ताच्या विषयात आणि तक्ता प्रात्यक्षिकाच्या विषयात. दोहोंच्या वेळापत्रकांत जो काटकोन होता, तोच विद्यार्थ्याच्या डोक्यातही राहिला.

येथे आपल्याकडील 'जर्नल' या संस्थेचा विचार करावा लागतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेस बसण्यासाठी प्रमाणित जर्नल आवश्यक. त्यात आज्ञा, तक्ता आणि निष्पत्ती हस्ताक्षरात उतरवून काढायची, आणि अध्यापकांची सही घ्यायची. पुस्तकातील तक्ता प्रयोगशाळेच्या पुस्तिकेत, तिच्यातून फळ्यावर, फळ्यावरून जर्नलात आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या जर्नलातून खालच्या वर्गाच्या जर्नलात असा उतरत गेला. हा प्रवास आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पोथ्यांच्या नकला अशाच होत, आणि नकलाकाराच्या चुकांवरूनच पोथीचे कूळ ठरविता येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती पाठभेदांच्या अशाच तुलनेतून. जर्नलांतील तक्त्यांना ही पद्धत लावून पाहण्याजोगी आहे. मद्रासचे चेन्नई आणि बॉम्बेचे मुंबई कोणत्या जर्नलात झाले, वरळीच्या जागी कोणी आपल्या गावाचे नाव घातले, यांवरून नक्कल आणि समज यांतील सीमारेषा शोधता येईल. गावाचे नाव बदलणारा विद्यार्थी किमान क्षणभर तरी तक्त्याच्या आत शिरलेला असतो.

जुन्या सवयीचा एक पाठ मात्र सर्व जर्नलांतून टिकला. पीएल/एसक्यूएलमध्ये 'कर्सर' नावाची सोय आहे. तिने संचातील एकेक नोंद हाती घेता येते. विभाग क्रमांक २० मधील कर्मचाऱ्यांचे वेतन ०.०५ पटीने वाढवावे व प्रत्येक वाढीची नोंद स्वतंत्र तक्त्यात ठेवावी, हे त्याचे परिचित उदाहरण. कर्सर उघडा, नोंद घ्या, वेतन बदला, वाढ नोंदवा, पुढची नोंद घ्या. हेच काम कोणत्याही लूपविना, संचावरील दोन विधानांत होते. फॉक्सप्रोवरून आलेल्या वाचकाला हे उदाहरण घरी परतल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. 'पुढे सरका' ही आज्ञा विसरण्याची चूकदेखील नव्या वेषात परत आली. बोटाने नोंद पुढे सरकविण्याचा विचार असा कॉड यांच्या भाषेतही शिरला, आणि आजही अनेक कचेऱ्यांतील मंद चालणाऱ्या अहवालांच्या मुळाशी तो सापडतो. याचे खापर पुस्तकावर फोडणे अन्यायाचे होईल. कर्सर कसा वापरावा हे पुस्तकाने सांगितले. तो केव्हा वापरू नये हे सांगणे वर्गाचे काम होते, आणि ते आम्ही अध्यापकांनी पुरेसे केले नाही.

नाव आणि वीस अक्षरे

रकान्यांची लांबी ही क्षुल्लक बाब वाटते. बायरॉस यांच्या ग्राहक-तक्त्यात नावाचा रकाना एकच आणि वीस अक्षरांचा आहे. पाश्चात्त्य नमुन्यांत पहिले नाव आणि आडनाव असे दोन रकाने असत. आपल्या महाविद्यालयांच्या कागदपत्रांत मात्र नाव तीन पदांचे असते, आणि क्रम आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव असा. 'कुलकर्णी पुरुषोत्तम रामचंद्र' हे काल्पनिक नाव रोमन लिपीत लिहिल्यास मधल्या मोकळ्या जागांसह एकतीस अक्षरे होतात. वीस अक्षरांच्या रकान्यात ओरॅकल ते नाकारते. डीबेस मात्र काही न बोलता कापते. पहिल्या वर्तनाने शिकणाऱ्याचा खोळंबा होतो. दुसऱ्याने गुणपत्रिकेवरील वडिलांचे नाव अर्धवट राहते. नाव दुरुस्त करून घेण्यासाठी विद्यापीठात किती हेलपाटे घालावे लागतात, हे प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

देवनागरीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. कानपूरच्या आयआयटीत आरंभ होऊन पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, पुढे नेलेल्या 'जिस्ट' कार्डामुळे डीबेससारख्या डॉसवरील प्रणालींत भारतीय लिप्या वापरता येऊ लागल्या. त्यामागील 'इस्की' या संकेतप्रणालीस १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तीत 'श्री' हे डोळ्यांना दिसणारे एक अक्षर साठविताना चार घटकांचे होते : श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. 'वीस अक्षरे' म्हणजे नेमकी किती, याचे उत्तर इंग्रजी पुस्तकातील कोणत्याही पानावर नव्हते. ते ज्याने त्याने रकाना भरून, नाव तुटलेले पाहून शोधले. पुस्तक जेथे संपले तेथे वाचकाचे स्वतःचे संशोधन सुरू झाले, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. आणि नेमका हाच भाग कोठेही लिहून ठेवलेला नाही.

दिनांकाबाबतही असेच घडले. डीबेस थ्रीच्या फाइलीत दिनांक पूर्ण आठ अंकांत, म्हणजे चार अंकी वर्षासह, साठविला जात असे. दाखविताना व स्वीकारताना मात्र वर्ष दोन अंकी असे, कारण शतक दाखविण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागे. पुस्तकांतील नमुना-पडदे बहुधा दोन अंकी वर्षाचेच. त्यामुळे २००० च्या जानेवारीत 'शून्य-शून्य' टंकले की यंत्र १९०० समजे. साठवण निर्दोष, दोष केवळ पानावरून उतरवलेल्या पडद्यात. वर्ष २००० च्या समस्येचा जो भाग लहान कचेऱ्यांच्या वाट्याला आला, तो बव्हंशी असा नकलेचा दोष होता.

ग्रंथालयातील बाद पुस्तके

ॲश्टन-टेट १९९१ मध्ये बोरलँडकडे गेली, फॉक्स सॉफ्टवेअर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले, आणि २०१५ च्या जानेवारीत उरलेले साहाय्यही थांबविले. अभ्यासक्रमातून विषय गेला की महाविद्यालयीन ग्रंथालयातील पुस्तके बाद ठरतात. जागा अपुरी, मूल्यांकन समितीस अद्ययावत संग्रह दाखवावयाचा, आणि दहा वर्षांपूर्वीचे संगणकाचे पुस्तक म्हणजे हास्यास्पद वस्तू, असा सार्वत्रिक समज. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील निर्लेखनाच्या यादीत डीबेस व फॉक्सप्रोची तेवीस पुस्तके मी स्वतः पाहिली. त्यांतील एकाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे तिचा मराठी अर्थ लिहिला होता. पुस्तके किलोच्या भावाने गेली. ते पुस्तक मी मागून घ्यावयास हवे होते, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले.

ग्रंथपाल मित्रांची अडचण मला मान्य आहे. प्रत्येक आवृत्ती जतन करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. तथापि विद्यापीठनिहाय एखाद्या ग्रंथालयाने प्रत्येक पुस्तकाची एक वापरलेली प्रत, होय, कोरी नव्हे तर वापरलेली, आणि प्रत्येक दशकातील काही प्रमाणित जर्नले राखून ठेवावीत, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या खिशातील फ्लॉपी आज बहुधा वाचता येत नाही. छापील पानावरील प्रोग्रॅम मात्र आजही टंकून चालविता येतो, आणि ती तुलना मुद्रित साधनाच्या बाजूने पुरेशी बोलकी आहे.

त्या प्रोग्रॅमने निर्माण होणारी फाइलही अजून जिवंत आहे. भूगोल विभागांत भौगोलिक माहिती प्रणालीसाठी 'शेपफाइल' नावाचे स्वरूप सर्रास वापरले जाते. नकाशावरील आकृत्या एका फाइलीत, आणि गावाचे नाव, लोकसंख्या, क्षेत्रफळ असे गुणधर्म सोबतच्या दुसऱ्या फाइलीत. ही दुसरी फाइल डीबेसच्याच स्वरूपाची असते, आणि रकान्याचे नाव दहा अक्षरांपेक्षा मोठे असू नये हा डीबेसचा नियम तिच्यात तसाच टिकून आहे. तालुक्याचा नकाशा तयार करणारा विद्यार्थी रकान्याचे नाव कापले गेले म्हणून तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याला दाखविण्यासाठी ते जुने पुस्तक विभागात असावे लागते.